अक्काचं नाव कोणाच्या कार्डावर

धुळ्यातल्या एका खासगी दवाखान्यात तळमजल्यावर, औषधांच्या दुकानाला लागून माझं टेबल आहे. सरकारच्या आरोग्य योजनेतून ज्यांच्यावर उपचार होतात, त्यांचे कागद मी तपासते. आधार कार्ड, रेशनकार्ड, आरोग्य कार्ड घ्यायचं, नावं जुळतात का बघायचं, संगणकात भरायचं आणि मंजुरी आली की वर वॉर्डात कळवायचं. नऊ वर्षं हेच काम करते आहे. माणसं डॉक्टरकडे जाण्याआधी माझ्याकडे येतात, आणि पुष्कळदा डॉक्टरपेक्षा माझ्याच तोंडाकडे जास्त घाबरून बघतात.

ही योजना कुटुंबाला मिळते, एकट्या माणसाला नाही. वर्षाला एक ठरलेली रक्कम अख्ख्या कुटुंबाची, त्यातून जो आजारी पडेल त्याचा खर्च निघतो. आणि कुटुंब म्हणजे कोण, तर रेशनकार्डावर ज्यांची नावं आहेत ते. सुरुवातीच्या प्रशिक्षणात एका साहेबांनी हे वाक्य आम्हाला दोनदा वाचून दाखवलं होतं. मी ते वहीत लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली. तेव्हा मला ते फार स्वच्छ वाटलं होतं. कुणाच्या घरातली भांडणं ऐकायला नकोत, की कोण कोणाला सांभाळतं ते विचारायला नको. कार्डावर नाव असेल तर माणूस कुटुंबातला, नसेल तर नाही.

अक्का माझी थोरली बहीण. तिच्या पाठीवर भाऊ, आणि शेंडेफळ मी. धरणगावापासून थोड्या अंतरावर आमचं गाव. तिला दिलं होतं भडगावकडे, गिरणेच्या काठच्या एका खेड्यात. अक्काला मूल झालं नाही. लग्नाला अठरा वर्षं झाल्यावर तिच्या नवऱ्याने दुसरी बायको केली. पहिली जिवंत असताना दुसरं लग्न कायद्याने चालत नाही हे त्या गावात सगळ्यांना माहीत होतं, आणि तरीही पंगतीला सगळे गेले. अक्का त्या घरात आणखी दोन वर्षं राहिली. सवतीला मुलगा झाला त्या साली एका सकाळी नवरा तिला मोटारसायकलवर बसवून आमच्या गावी घेऊन आला, चहा प्यायला आणि एकटाच परत गेला. तेव्हा आबा, आमचे वडील, होते. त्यांनी जावयाला एका शब्दानेही विचारलं नाही. घराच्या मागे ढोरांच्या गोठ्याला लागून एक खोली होती, त्यात सरकीची पोती असायची. ती पोती हलवून अक्काची खाट टाकली.

त्या गोष्टीला बारा वर्षं झाली होती. आबा गेले, माय त्यांच्याआधीच गेली होती. अक्का भावाच्या वावरात राबत होती, वहिनीच्या हाताखाली स्वयंपाक करत होती, आणि तिला कुणी काही कमी पडू दिलं नाही असं भाऊ गावात सांगायचा. ते खोटंही नव्हतं. वर्षाला दोन लुगडी, दोन वेळचं जेवण, आजारी पडली तर गावातल्या डॉक्टरची सुई. भावाचं बरं चाललेलं होतं. थोडी केळी, बाकी कापूस, सगळ्या वावराला ठिबक, दारात ट्रॅक्टर.

दसऱ्यानंतर कापूस वेचणी चालू असताना अक्काला दम लागायला लागला. ती सांगणाऱ्यातली नव्हती. वेचणीच्या बायांनीच मला फोनवर सांगितलं, की तुझी बहीण पाच झाडं वेचते आणि सरीत बसून घेते, रात्री आडवी होत नाही, भिंतीला टेकून झोपते. मी भावाला फोन केला. तो म्हणाला, "वय व्हयनं तिनं." अक्का बावन्न वर्षांची होती.

मी तिला एसटीने धुळ्याला बोलावून घेतलं आणि आमच्याच दवाखान्यात दाखवलं. हृदयाचा डॉक्टर तरुण होता, शांतपणे बोलणारा. त्याने तिला विचारलं, "मावशी, लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का कधी?"

अक्का माझ्याकडे बघायला लागली. मी तेव्हा जन्मलेलीही नव्हते. मग तिलाच आठवलं. दहा वर्षांची असताना ती तीन आठवडे अंथरुणावर होती, गुडघे एवढाले सुजले होते, आणि मायने एरंडाची पानं गरम करून बांधली होती. डॉक्टरने मान हलवली. त्या तापाने तेव्हाच हृदयातली एक झडप खराब केली होती आणि आता ती आखडून बारीक झाली होती. त्याने कागदावर चित्र काढून मला समजावलं. "अजून वेळ गेलेली नाही. मांडीतून नळी घालून फुग्याने झडप उघडता येईल. छाती उघडायची गरज नाही. तीन दिवसांत घरी जातील. फक्त उशीर करू नका. योजनेत बसतं हे, तुम्हाला माहीतच आहे."

मला माहीत होतं. मी अक्काला बाकावर बसवलं, टेबलामागे जाऊन बसले आणि तिचा आधार नंबर टाकला. काही आलं नाही. मग भावाच्या रेशनकार्डाचा नंबर टाकला. भाऊ, वहिनी, त्यांचा मुलगा आणि सून अशी चार नावं आली. अक्काचं नव्हतं.

लग्न झालं तेव्हा आबांच्या कार्डातून तिचं नाव कमी केलं होतं, रीतीप्रमाणे. सासरच्या कार्डात ते चढलं होतं. मी भडगावकडच्या तिच्या सासरच्या कार्डाचा शोध घेतला. तिथे नवरा होता, सवत होती, सवतीचा मुलगा होता. अक्का तिथेही नव्हती. तिला तिकडून परत आणून सोडल्यावर केव्हातरी ते नाव काढलं होतं. बारा वर्षं ती भावाच्या घरी जेवत होती आणि तिच्या नावाचं धान्य कुठल्याच दुकानात येत नव्हतं. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण भावाकडे धान्य कमी नव्हतं.

"काय म्हनस ते?" अक्काने विचारलं. तिला वाटलं संगणक काहीतरी सांगतो आहे.

"तुन्हं नाव नही कोठेच," मी म्हणाले.

ती म्हणाली, "मंग मी कोना घरनी शे?"

मी कोणाच्या घरची आहे, हे तिने रडून किंवा रागाने विचारलं नव्हतं. एखाद्याने बसची वेळ विचारावी तसं विचारलं. तातडीचा पेशंट असेल तर आधी दाखल करून कागद नंतर आणता येतात, पण अक्का स्वतःच्या पायाने चालत आली होती. सरकारी दवाखान्यात चौकशी केली. हे काम इथे होत नाही, पुढे पाठवू म्हणाले, आणि पुढेही हेच कार्ड विचारणार होते.

आता मला एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी मी त्या दिवसांत कुणालाही सांगितली नाही. वाचणाऱ्याच्या मनात येईलच की मग हिने स्वतःच्या कार्डावर बहिणीचं नाव का नाही घातलं. सुनेची बहीण सासरच्या कार्डात बसत नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं. ते बहुतेक खरंही असेल. पण मी पुरवठा कार्यालयात जाऊन ते कधी विचारलं नाही. माझ्या सासूची किडनी गेलेली आहे. आठवड्यातून दोनदा तिचं डायलिसिस असतं, आणि ते आमच्या कुटुंबाच्या वाट्याच्या त्याच रकमेतून होतं. वर्ष संपत येतं तेव्हा मी रोज उघडून बघते, किती उरलं. त्यात अक्काची झडप बसली असती तर सासूच्या डायलिसिसचे वर्षातले शेवटचे महिने आम्हाला खिशातून काढावे लागले असते. नवऱ्याने मला काही म्हटलं नाही. मी त्याच्यासमोर विषयच काढला नाही. भावावर मी पुढे जे काही बोलले, ते हे मनात ठेवून बोलले.

धरणगावच्या तहसील कार्यालयात मी रजा टाकून गेले. पुरवठ्याच्या टेबलावरचा कारकून वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "सोडलेल्या बाईला स्वतःचं वेगळं कार्ड मिळतं ताई, कायद्यात तशी सोय आहे. पण नवऱ्याने सोडल्याचा कोर्टाचा कागद पाहिजे. आणि वेगळं राहतात हे दिसलं पाहिजे. लाइटचं बिल, घरपट्टी, भाड्याचा करार, काहीतरी."

"ती भावाच्या गोठ्याशेजारी राहते," मी म्हणाले.

"मग ते भावाचंच घर झालं. तुम्ही भावाच्या कार्डातच घाला ना. सोपं आहे. सासरहून नाव कमी केल्याचा दाखला आणायचा, आणि भावाच्या कार्डावर जे कुटुंबप्रमुख असतील त्यांचा अर्ज."

हे कुटुंबप्रमुखाचं प्रकरण मी माझ्या टेबलावर रोज बघत होते, पण त्याचा अर्थ मला तेव्हा कळला. नव्या कायद्याने रेशनकार्डावर घरातली मोठी बाई प्रमुख असते. बायांना मान मिळावा म्हणून केलेली गोष्ट आहे. अक्काच्या सासरी सासू मेलेली होती. म्हणजे तिथल्या दाखल्यासाठी अर्जावर सही लागणार होती तिच्या सवतीची. आणि भावाच्या घरी वहिनीची.

मी अक्काला घेऊन भडगावला गेले, तिथून रिक्षाने तिच्या सासरी. दुपारची वेळ होती आणि तिचा नवरा तालुक्याला गेला होता. बारा वर्षांनी अक्का त्या दारात उभी होती. आधी शिवी येईल, मग दार लागेल, अशी तयारी मी मनात करून ठेवली होती. सवत बाहेर आली. अक्कापेक्षा पंधरा वर्षांनी लहान असेल, पण केस पांढरे झालेले, हाताला भाजल्याचे डाग. तिने अक्काला ओळखलं. ती आत गेली आणि तांब्याभर पाणी घेऊन आली.

"बसा अक्का," ती म्हणाली.

अक्का ओट्यावर बसली. मी कागद काढले आणि काय पाहिजे ते सांगितलं. सवतीने नीट ऐकलं. मग अक्काला विचारलं, "लई दम लागस का?"

"चढ उना का लागस," अक्का म्हणाली. चढ आला की लागतो.

सवतीने माझ्या हातातून पेन घेतलं आणि मी दाखवलं तिथे सही केली. मोठ्या अक्षरात, एकेक अक्षर वेगळं. मग म्हणाली, "मन्हं नाव टाकाले तुमनं नाव काढं व्हतं. माले म्हाईत व्हतं ते. काही बोलनी नही मी." स्वतःचं नाव चढवायला अक्काचं काढलं तेव्हा ती काही बोलली नव्हती, असं सांगत तिने पेन मला परत दिलं. "ते येवाना पहिले निघा."

तो येण्याआधी निघा, असं ती सांगत होती. आम्ही निघालो. रिक्षात अक्का म्हणाली की तिच्या हातावरचे डाग चुलीचे नाहीत.

मला वाटलं अवघड काम झालं. आता राहिलं होतं आपल्याच घरचं.

भावाकडे मी रविवारी गेले. पुढच्या ओसरीत बसून सगळं सांगितलं. झडपेचं चित्र काढून दाखवलं, डॉक्टरने काढलं होतं तसं. भाऊ ऐकत होता. वहिनी दाराला टेकून उभी होती. अक्का आत भाकरी टाकत होती, तव्याचा आवाज येत होता.

वहिनी म्हणाली, "ताई, ती रक्कम सगळ्यांची ना एकच? मग यांच्या छातीत दुखतं त्याचं काय? उद्या यांना काही झालं तर?"

भावाच्या छातीत दुखतं हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मी म्हणाले, वर्ष बदललं की रक्कम पुन्हा पहिल्यासारखी होते. वहिनी म्हणाली, आजार वर्ष बघून येत नाही. तिचं काही चुकलं नव्हतं. मी स्वतःच्या घरी हेच धरून बसले होते.

मग भाऊ बोलला. "नाव टाकाले काय जास, टाकी देसूत. पन आक्कानं नाव कार्डवर उनं, का ती या घरनी व्हयनी. सकाय कोनी तिले शिकाडं, तं वाटा मांगी."

उद्या कुणी शिकवलं तर ती शेतात वाटा मागेल, असं त्याचं म्हणणं. ही गोष्ट नीट सांगायला हवी. आबा गेल्यावर तलाठ्याने सातबाऱ्यावर वारस म्हणून आम्हा तिघांची नावं लावली होती. कायदाच तसा आहे, मुलीचा मुलाएवढाच हक्क. आम्ही दोघींनी कधी काही मागितलं नव्हतं. माझ्या मनातही आलं नव्हतं, आणि अक्काला तर तिचं नाव तिथे आहे हेच ठाऊक नसावं. म्हणजे शेताच्या कागदावर ती त्या घराची वारस होती, आणि धान्याच्या कागदावर ती त्या घराची नव्हती. दवाखान्याला धान्याचा कागद लागत होता.

"मंग?" मी विचारलं.

"मंग कागद करी टाकूत. हक्कसोडनं. तुमना दोन्हीसना. म्हंजे मनमा काही ऱ्हात नही."

"भाऊ, तिले दम लागी ऱ्हायना."

"म्हनीसनच सांगी ऱ्हायनू. लवकर करूत."

आतला तव्याचा आवाज बंद झाला होता. अक्का परातीत भाकरी घेऊन दारात आली. तिने ऐकलं होतं. ती म्हणाली, "करी टाक रे भाऊ. माले काय करनं शे वावरनं."

मी भावाला त्या दिवशी पुष्कळ बोलले. बारा वर्षांची तिची मजुरी मांड म्हणाले, आबा असते तर काय म्हणाले असते ते विचारलं. तो ओरडला नाही. तो फक्त एवढंच म्हणाला, "तू ले मंग तिले तुन्हा कार्डवर." मी जेवायला न थांबता निघाले आणि स्टँडवर येऊन दीड तास बसले. राग त्याच्यावर होता, आणि त्याने नेमकं मी लपवलेल्या गोष्टीवर बोट ठेवलं म्हणून तो राग दुप्पट झाला होता.

तरीही ते झालं. दुसरा रस्ता मी शोधला नाही असं नाही. एका वकिलाला विचारलं. तो म्हणाला, कोर्टात जाऊन वेगळं कार्ड मिळेल, पण वर्ष लागेल. डॉक्टरकडे वर्ष नव्हतं.

कागद करायलाच दीड महिना गेला. आधी कापूस विकायचा होता, मग भावाच्या सुनेच्या माहेरचं लग्न आलं, मग निबंधक कार्यालयातलं यंत्र बंद होतं. मधल्या काळात मी अक्काला गोळ्या पाठवत होते. शेवटी एका सकाळी भाऊ, वहिनी, अक्का आणि मी असे आम्ही चौघं धरणगावला दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात बाकावर ओळीने बसलो. लिहिणाऱ्याने कागद वाचून दाखवला. त्यात लिहिलं होतं की आम्ही दोघी बहिणी आमच्या भावाविषयी असलेल्या नैसर्गिक प्रेमापोटी व आपुलकीपोटी, कोणत्याही दबावाशिवाय, आमचा हक्क कायमचा सोडत आहोत. लिहिणारा ते भराभर वाचत होता, रोज वाचत असावा.

आतल्या निबंधक बाईंनी अक्काला विचारलं, "स्वखुशीने करता ना?"

"हा बाई. खुशीनी."

कॅमेऱ्यात बघायला सांगितलं. अक्काने पदर नीट केला. अंगठा यंत्रावर ठेवला तो तीनदा उमटला नाही. आयुष्यभर कापूस आणि विळा धरून रेषा पुसल्या होत्या. चौथ्यांदा बाईंनी तिचा अंगठा स्वतःच्या हाताने दाबून धरला. माझा अंगठा पहिल्याच वेळी उमटला. बाहेर आल्यावर भावाने सगळ्यांना उसाचा रस पाजला आणि तो दोनदा म्हणाला, आता बठ्ठं व्यवस्थित झालं. मी रस प्यायले. मला तहान लागली होती.

वहिनीने त्याच आठवड्यात अर्ज दिला, हे मान्य केलं पाहिजे. तिने शब्द पाळला. पण कार्डात नाव चढायला तीन आठवडे लागले, ते संगणकात दिसायला आणखी दोन, आणि मग आरोग्य कार्डासाठी अक्काची ओळख पटेना. बोटं उमटत नव्हती. गावातल्या केंद्रावरून तिला दोनदा परत पाठवलं. तिसऱ्यांदा डोळ्याच्या यंत्राने काम झालं. मी माझ्या टेबलावर बसून रोज सकाळी तिचा नंबर टाकायचे. ज्या दिवशी भावाच्या कुटुंबात पाचवं नाव आलं त्या दिवशी मी खुर्चीतून उठून पाणी प्यायले आणि पुन्हा बसून पाहिलं, आहे का.

दुसऱ्या दिवशी अक्का आली. या वेळी तिला दवाखान्याच्या पायऱ्या चढता येत नव्हत्या, चाकाच्या खुर्चीत घ्यावं लागलं. पाय सुजले होते. पहिल्या वेळेपासून साडेचार महिने गेले होते. त्याच डॉक्टरने तपासलं आणि यंत्राच्या पडद्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग मला बाजूला घेतलं.

"आता फुग्याचं काम राहिलेलं नाही. झडप गळतेय आणि आत गुठळी दिसतेय. छाती उघडून झडप बदलावी लागेल." मग त्याने विचारलं, "एवढा उशीर का केला? तुम्ही तर इथल्याच आहात."

मी सांगितलं, कागद नव्हते. त्याला रोज कोणीतरी हे सांगत असेल, आणि तो निरोप देणारी बहुतेक वेळा मीच असते.

मंजुरी दोन दिवसांत आली. ऑपरेशन पाच तास चाललं. झडप बसली, अक्का वाचली. छातीवर गळ्यापासून पोटाच्या वरपर्यंत शिवण राहिली. धातूची झडप आहे, त्यामुळे रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर, आणि दर महिन्याला रक्त तपासणी. पहिल्या काही दिवसांचं योजनेत बसतं, पुढचं नाही. जड उचलायचं नाही, विळ्याने हात कापू द्यायचा नाही, कारण रक्त थांबत नाही. म्हणजे ती ज्या कामाच्या जोरावर त्या घरात होती, ते काम तिला आता करता येत नाही.

भाऊ ऑपरेशनच्या दिवशी आला होता. वॉर्डाबाहेर गावातली दोन माणसं होती त्यांना तो सांगत होता, "आमना कार्डवर करं. बहीन शे, करनंच पडस." ती माणसं मान हलवत होती. मी जिन्यात उभी राहून ऐकलं आणि खाली टेबलावर गेले.

घरी सोडल्यावर अक्का पंधरा दिवस माझ्याकडे होती. माझ्या सासूने स्वतःची खाट तिला दिली. दोघी दुपारभर शेजारी पडून एकमेकींच्या गोळ्या मोजायच्या. मला वाटत होतं ती इथेच राहील. मी तिला तसं म्हणाले नाही, आणि तिने तशी वाट बघितली असेल तर दाखवलं नाही. सोळाव्या दिवशी भाऊ गाडी घेऊन आला आणि ती त्याच्यासोबत गेली.

त्यानंतर पंधरा दिवसांनी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होती. आमच्या खान्देशात दिवाळीपेक्षा आखाजी मोठी, लेकी माहेरी येतात, झोके बांधतात. माझं लग्न झाल्यापासून मी एकही आखाजी चुकवली नव्हती. भावाचा फोन आला, मग वहिनीचा आला. वहिनी म्हणाली, सांजोऱ्या केल्यात, गाडी पाठवू का. मी म्हणाले, दवाखान्यात सुट्टी नाही. सुट्टी होती.

संध्याकाळी अक्काचा फोन आला. मागे पोरींच्या गाण्यांचा आवाज येत होता.

"तू का बरं नही उनी?" तिने विचारलं.

"काय करू येऊन? आते काय शे मन्हं त्या घरमा?"

मला तिचा श्वास ऐकू येत होता, आता तो सरळ चालत होता.

"मी शे ना," अक्का म्हणाली.

मी तिला गोळी घेतली का विचारलं. घेतली म्हणाली. मग तिला कुणीतरी हाक मारली आणि तिने फोन ठेवला. त्या वर्षी मी गेले नाही, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही गेले नाही. अक्का दर महिन्याला रक्त तपासायला एसटीने धुळ्याला येते. मी तिला स्टँडवर घ्यायला जाते, आणि आम्ही भावाविषयी बोलत नाही.